पेन्सिलीतला रातवा

९ मे, सकाळी पावणेसात. बोर्डीहून तलासरीला जाणारा रस्ता, चिकूच्या वाड्या संपून माळ लागतो तिथे. हजर: मी.

पक्ष्यांच्या वहीत ही ओळ आधी लिहायची, ही माझी शिस्त. पूर्वी 'हजर: दोघे' असायचं. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी हात अजून 'दो' लिहायला जातो आणि खोडावं लागतं.

कामावर जाताना स्कूटरवरून तो दिसला. रस्त्याच्या कडेला मरून पडलेला, वाळक्या सागाच्या पानासारखा. रात्री रस्त्यावर येऊन बसतो आणि गाडीखाली येतो, म्हणजे रातवा. एवढं नक्की. पण कोणता? दिसायला सगळे सारखे, ओळखायचे ते आवाजावरून, आणि आवाज हे आमच्या यांचं खातं. मी टॉर्च धरायची, वेळ टिपायची. घाईने नाव सांगितलं की म्हणायचे, "थांब गं, त्याला बोलू दे." वहीचा नियमही त्यांचाच: एकाने ओळखला की पेन्सिल, दुसऱ्याला पटला की पेन. ते गेल्यापासूनची सगळी पानं पेन्सिलीत आहेत.

हा काही बोलणार नव्हता. हातमोजे चढवले, डिकीतली मोजपट्टी काढली. पायाच्या नळीवर पिसं नाहीत, म्हणजे जंगलातला रातवा बाद. शेपटी पसरली. दोन्ही कडांची पिसं जवळजवळ पूर्ण पांढरी. माळावरचा रातवा, नर. पुन्हा तपासलं. तेच.

"काय गवसला, बाय?" वाडीत कामाला निघालेली पाड्यावरची एक बाई थांबली होती.

"पक्षी. कोणता ते बघतेय."

"मेलेल्याचा नाव कशाला? हाक मारशील तं ओ देनार हाय काय तो?" स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली. मग वाकून बघितलं आणि हसू आवरलं. "आमचे वाटंवर बसतो ना रातचा, तोच. काल नाय ओरडला."

"कसा ओरडतो?"

तिने मान वर करून आवाज काढला. "च्वीक! च्वीक!" एकेक, तुटक, धारदार.

माळावरचाच. हा आवाज यांनी मला याच रस्त्यावर तीनदा ऐकवला होता, आणि तीनदा मी चुकले होते.

तिने कोयत्याने कडेला खड्डा केला, मी पक्षी ठेवला, माती दोघींनी लोटली. ती वाडीकडे गेली. मी 'हजर'पुढे 'आणि पाड्यावरची बाई' असं जोडलं आणि तलासरी गाठली.

दुसऱ्या माणसाला पटलं आहे. ते दुसरं माणूस कोण असावं, हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही. पेन पर्समध्ये आहे, चालतं का तेही मागच्या पानावर रेघ ओढून पाहिलं. नोंद शाईने करायची राहिली आहे.