ओली ओढणी

आधीच सांगून टाकतो — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. केंद्र सरकारात इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं, साइटवर नारळ फोडायलासुद्धा मी असिस्टंटला पुढे करायचो. ह्या सदरातले अनुभव वाचून ‘काय थापा मारतात लोक’ म्हणत बायकोला चिडवणारा मीच. पण गेल्या मे महिन्यात जे झालं ते लिहिल्याशिवाय ती मला सोडणार नाही... आणि खरं सांगू? मलाही राहवत नाही.

आम्ही दिल्लीत द्वारकेला राहतो, एका सोसायटीत सातव्या मजल्यावर. मुलगा केदार फिनलंडला असतो. त्याची बायको कायसा तिथलीच, आणि पाच वर्षांची आमची नात, एला. केदारला रजा मिळाली नाही म्हणून दोघीच आल्या. दोघींचाही भारतातला तो पहिलाच दिवस. एलाला ‘आजी’, ‘आजोबा’ सोडलं तर मराठीचा गंध नाही. ह्यावरून सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, केदारला फोनवर किती वेळा झापलंय ते विचारू नका.

एअरपोर्टहून भर दुपारी घरी पोचलो. बाहेर लू, म्हणजे इकडचा उन्हाळी गरम वारा, चाललेली. सुनंदाने दोघींना दारातच थांबवलं, पोळीचा तुकडा त्यांच्यावरून ओवाळला, पायांवर पाणी घातलं आणि तुकडा माझ्या हातात दिला. एवढ्या लांबून पोर आलीये, भाकरतुकडा पार गेटबाहेर टाकायचा, जिन्यात नाही, असा हुकूम सुटला. मी ‘काय एकेक खुळं’ असं पुटपुटत लिफ्टने खाली गेलो.

आता एलाच्या घरी अन्न टाकणं म्हणजे मोठा गुन्हा. आजोबा ती पोळी घेऊन चालले कुठे, ते बघायला पोरगी उघड्या दारातून माझ्या मागे निघाली — हे आम्हाला नंतर कळलं. मी एका लिफ्टने वर येत होतो तेव्हा ती दुसरीने खाली चालली होती.

वर येऊन चपला काढल्या, पाणी प्यायलो. कायसा अंघोळीला गेलेली. सुनंदाला वाटलं पोर आईजवळ आहे, आईला वाटलं आजीजवळ आहे. आणि पोर कुठेच नाही.

मी तसाच खाली धावलो. गार्ड म्हणाला, एक गोरी बच्ची बाहेर गेली खरी, पण डिलिव्हरीवाल्यांच्या गर्दीत मला वाटलं सोबत कुणी मोठं आहे. बाहेर एवढा मोठा रस्ता, भन्नाट धावणाऱ्या गाड्या, पारा चव्वेचाळीसच्या वर. तिला आमचा पत्ता माहीत नाही, भाषा येत नाही, आणि थंड देशातलं लेकरू... त्या उन्हात टिकणार किती वेळ?

मार्केट पालथं घातलं, मेट्रोच्या जिन्यापाशी बघितलं, दिसेल त्याला ‘छोटी बच्ची देखी क्या’ विचारत सुटलो. सुनंदा आणि कायसा दुसऱ्या बाजूला शोधत होत्या. गार्डने पोलिसांना फोन लावला होता. गेटबाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की मी अनवाणी आहे, पण मागे कोण फिरणार? तळपाय नुसते भाजून निघाले. शेवटी डांबरावर पाऊल टेकवेना, म्हणून केवळ गवतासाठी मी सेक्टरच्या पार्कात शिरलो. देवाबिवाचं नाव घेत नव्हतो, बरं का. केदारला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

आणि समोर कडुनिंबाखाली एला बसलेली. एकटी, शांत. डोक्यावर फिकट पिवळी सुती ओढणी घडी करून ठेवलेली, तिच्यातून पाणी निथळतंय. बाकी पार्कात चिटपाखरू नाही.

मला बघून ती रडली नाही की धावत आली नाही. उठली, डोक्यावरची ओढणी काढली, माझ्यासमोर जमिनीवर नीट अंथरली आणि वर हाताने थोपटलं. पाय ठेव, असं. मी ठेवले. आणि मग मात्र मी, साठी उलटलेला माणूस, भर पार्कात हमसून हमसून रडलो.

संध्याकाळी कायसाने तिला जवळ घेऊन सगळं विचारलं आणि आम्हाला इंग्लिशमध्ये सांगितलं. एक बाई भेटली. आईपेक्षा मोठी, आजीपेक्षा लहान. तिने एलाला रस्ता ओलांडू दिला नाही. हात धरून झाडाखाली आणलं, डोक्यावर ओलं कापड ठेवलं आणि म्हणाली, “इथेच बस. आजोबा येतायत. त्यांचे पाय भाजलेत, आले की हे त्यांना दे.”

माझे पाय भाजलेत हे त्या बाईला कुणी सांगितलं?

मेहुणा म्हणाला, दिल्लीत एम्बसीवाले कमी आहेत का यार, असेल कुणी फिनिश बोलणारी, तुम्हाला रस्त्यात पाहिलं असेल. चलो, मान्य. पण पार्कातला नळ कित्येक दिवस कोरडा होता, माळ्यानेच सांगितलं. त्या उन्हात ओला कपडा बघता बघता कडक होतो, हा निथळत होता. आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओढणीचा फोटो टाकला. कुणाचीच नाही.

सुनंदाने मेहुण्याचं ऐकून कायसाला पुन्हा विचारायला लावलं, ती बाई तुझ्याशी फिनिशच बोलली ना? एलाने मान हलवली. नाही, आजीसारखं बोलत होती.

कायसा म्हणाली, “पण आजीचं बोलणं तर तुला कळत नाही.”

एलाने खांदे उडवले. “ती हळू बोलत होती,” म्हणाली.

त्यानंतर सुनंदाने हळू, अगदी शब्द सुटा करून बोलून पाहिलं. पोरीला एक अक्षर कळलं नाही.

मी अजूनही भुताखेतांना मानत नाही. ह्याला काय म्हणायचं तेही मला माहीत नाही, आणि खरं तर आता शोधायचंही नाही. बाई, तुम्ही कोण, कुठल्या, ठाऊक नाही. माझी नात सुखरूप घरी आली, हे उपकार ह्या जन्मात फिटायचे नाहीत. सुनंदा संध्याकाळी दिवा लावून तुमच्यासाठी हात जोडते. हल्ली मीही तिच्या शेजारी जाऊन उभा राहतो.