लेबल वाचून होईपर्यंत

चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेलेल्या या गृहस्थाला सगळी गल्ली भिंगकाका म्हणायची. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या नाकावर चष्मा नव्हता. खिशात भिंग मात्र कायम. बिस्किटाचा पुडासुद्धा तो आधी मागून वाचणार, मग फोडणार.

घरात तो आणि थोरली बहीण, दोघंच. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलं. तेव्हा थंड पेयाच्या एका बाटलीत दोघांचं भागायचं. ताई मोठा घोट घेऊन डोळे मिटायची, गॅस नाकात चढायचा आणि झिणझिण्या आल्या की ती खिदळत सुटायची. "गोडाचं काही नाही रे, मजा सगळी नाकात आहे," म्हणायची.

पुढे तिला मधुमेह झाला आणि बाटली बंद झाली. बिनसाखरेची पेयं दुकानात दिसू लागली तसा तिनं विषय काढला, "आण की एखादी."

"आणतो. पण आधी वाचू दे."

इथंच घोडं अडलं. तो बाटल्या आणायचा, जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली धरायचा आणि भिंग काढायचा. एकीत अ‍ॅस्पार्टेम होतं आणि खाली ताकीद, की यात फेनिलअ‍ॅलनीन आहे. ते काय असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ताकीद आहे म्हणजे काहीतरी असणारच. बाद! दुसरीत सुक्रालोज होतं, ते चाललं असतं, पण सोबत कॅफीन. ताईला आधीच झोप कमी. कुठं फॉस्फोरिक आम्ल निघायचं, आणि आम्ल हा शब्दच त्याला पुरेसा होता. एका बाटलीत गोडवा झाडाच्या पानांचा होता. तिच्यावर त्याचा जीव जडला, तर शेवटच्या ओळीत फळांचा रस सापडला, म्हणजे साखर मागच्या दारानं आलीच. बाद बाटल्या खिडकीत न उघडता उभ्या राहिल्या.

"झालं का वाचून?" ताई येता-जाता विचारायची. आधी हसत, मग नुसतंच. मग तिनं विचारणं सोडलं. चला, समजली बिचारी, असं त्याला वाटलं. कसला समजूतदारपणा! तिनं आशा सोडली होती, आणि ते ओळखायला भिंग उपयोगाचं नव्हतं.

त्या हिवाळ्यात ताईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, जीभ जड झाली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पातळ काही देऊ नका, श्वासनलिकेत जाईल. पाणीसुद्धा ही पावडर घालून, घट्ट करून, चमच्यानं."

त्यानं चाचरत विचारलं, "बिनसाखरेच्या पेयांतलं हिला आधी कोणतं चाललं असतं?"

"कधीमधी ग्लासभर? कोणतंही."

"पण ती फेनिलअ‍ॅलनीनची ताकीद?"

"ती एका जन्मजात आजाराच्या लोकांसाठी असते, काका. यांना तो नाही. विचारायचं ना!"

मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीला तो ताईसोबत याच बाईंसमोर, याच खुर्चीत बसला होता. गोळ्यांचं विचारलं, भाताचं विचारलं, हेच विचारलं नाही. लेबल आपल्याला वाचता येतं, मग विचारायचं कशाला, असं त्याला वाटत आलं होतं. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

घरी आल्यावर त्यानं खिडकीतली हाताला येईल ती बाटली उचलली. वाचली नाही. वाटीत पेय ओतून पावडर ढवळली. फेस वर आला, बसला, आणि मागे घट्ट लापशी उरली. पहिला चमचा तोंडात जाताच ताईनं पूर्वीसारखे डोळे मिटले. तोही तिच्या नाकाकडे बघत थांबला.

ताईनं गिळलं. बराच वेळ वाट पाहिली. मग जड जिभेनं म्हणाली, "नाकात... येत नाही रे."

"नाही येणार, ताई. चुकलं माझं. मी वाचतच बसलो."

चालत्या हातानं तिनं उरलेली बाटली त्याच्याकडे सरकवली. "तू पी."

त्यानं मोठा घोट घेतला. गॅस थेट नाकात चढला, डोळे पाण्यानं भरले.

"झिणझिण्या... आल्या?" ताईनं विचारलं.

त्यानं मान हलवली. ताई अर्ध्या ओठांनी हसली.