बाजार पडायची वाट पाहणारा

माझा नवरा तिन्हीसांजेला घरात कुणाला वाईट बोलू द्यायचा नाही. वास्तू तथास्तु म्हणते, असं त्याला आईनं शिकवलं होतं. लंडनमधल्या हॅरोच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या वास्तूला मराठी कळतं का, म्हणून मी चिडवायचे. पण त्याचा हा भाबडेपणा मला मनापासून आवडायचा.

मग त्यानं फोनवरच्या ॲपमधून एक फंड घेतला. शेअर बाजार दिवसात एक टक्का पडला की फंड तीन टक्के वर, आणि बाजार एक टक्का चढला की फंड तीन टक्के खाली. घेण्याआधी ॲपनं काही प्रश्न विचारले. नवरा नापास झाला. ॲपनं लगेच पुन्हा संधी दिली, यानं उत्तरं बदलली आणि पास! याच माणसानं ड्रायव्हिंग टेस्टच्या तारखेसाठी इथे महिनोन् महिने वाट पाहिली होती. हा विस्तव हातात द्यायची मात्र ॲपला भारी घाई होती.

"अरे, हा एका दिवसापुरता असतो. मुरत ठेवायला लोणचं आहे का?" मी म्हटलं.

"तू टेन्शन नको घेऊस गं. मार्केट क्रॅश होणारच आहे."

बाजार आज पडायचा, उद्या सावरायचा, फिरून होता तिथेच यायचा. याचे पैसे मात्र प्रत्येक हेलकाव्यात झिजत गेले, कारण तिपटीनं बुडालेलं उरलेल्या पैशांवर तिपटीनं वाढूनही पुरतं भरून येत नाही. ते भरून निघायला आता रोज, सलग पडझड हवी होती. कुठे कारखाना बंद पडला, कुठे बोलणी फिसकटली, की पोहे खाता खाता याचा चेहरा खुलायचा. त्या चेहऱ्याची मला भीती वाटायला लागली.

एका गुरुवारी माझ्या कंपनीनं आमची अख्खी टीम काढून टाकली. आम्ही दोघं माझ्याच नोकरीच्या व्हिसावर इथे होतो, म्हणजे नोकरीबरोबर हे घरही सुटणार. ट्रेनमध्ये मी रडू दाबून ठेवलं. तो जवळ घेईल, मग रडू, असं मनाशी ठरवलं होतं.

त्यानं दार उघडलं ते हसतच. "मार्केट बघितलंस? धडाधड पडलंय!" टेबलावर वेम्बलीहून आणलेली जिलबी होती.

"माझी नोकरी गेली," मी म्हणाले.

त्यानं फोन खाली ठेवला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. माझा माणूस परत आला, असं वाटून मला भरून आलं.

"सगळी टीम?"

"सगळी."

मग त्यानं हळूच, आशेनं विचारलं, "बाकीच्या कंपन्याही लोक काढणार आहेत, असं काही ऐकलंस का गं?"

मी हात सोडवून घेतला, आणि अंगातला कोटही न काढता बाहेर जिन्यात जाऊन एकटीच रडले.