किल्लीनं चटका दिला

मंडळी, आज लई दमलोय. उरवड्याच्या चढावर पिकअपमध्ये जळका वास आला. गाडी थांबवून किल्ली काढली, तर बोटाला चटकाच बसला. मेकॅनिकनं उघडलं, तर किल्लीचा स्विच आतून वितळलेला.

केलं आमीच. जत्रेसाठी जादा फोकस, मोठा हॉर्न, काचेवर देवाच्या नावाची लाइट, सगळं त्या एकट्या स्विचवर जोडलं. एवढा करंट त्याला झेपत न्हाई. रिले, म्हंजी जादा करंट सोसणारा वेगळा स्विच, आणि फ्यूज टाकून वायर थेट बॅटरीवरून घ्यायला हवी होती. आज तसंच करून घेतलं.

तरी वडील म्हणाले, "देवाचं नाव ऱ्हाऊ दे. हॉर्न काढ."

"तुमीच हौसेनं बसवलाय की!"

"व्हय. गाडीच पेटल्यावर वाजवू कुटं?"

किल्ली गरम लागली की आपण म्हणतो, ऊन हाय. तुमची कशी लागती?