जाहिराती फक्त रविवारी

बेंगळुरूतल्या मराठी माणसांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, आणि मी त्याचा बिनपगारी मॉडरेटर. ऑफिसात मला कुत्रं विचारत नाही, म्हणून इथे भारी रुबाब. जुन्या वस्तूंच्या जाहिराती फक्त रविवारी, हा नियम माझाच. त्यापायी मी भल्याभल्यांशी भांडलोय.

एका बुधवारी दुपारी एका गृहस्थांची पोस्ट आली. 'कपाट, मिक्सर, पुस्तकं फुकट. घेऊन जा, मला आता काही लागणार नाही.' खाली बनशंकरीचा पूर्ण पत्ता. मी पोस्ट उडवली आणि ग्रुपच्या नावाने कळवलं, 'रविवारी टाका.' उत्तर आलं, 'रविवारपर्यंत मी नसेन.' मी लिहिलं, 'मग मित्राला टाकायला सांगा.' वर हात जोडलेली इमोजी. काय म्हणावं या अकलेला.

हे सगळं मी मॉडरेटरांच्या चॅटवर मिरवलं. बघा, लोक कसे नियम मोडतात. लगेच अक्कांचा फोन. अक्का आमच्यातल्याच एक मॉडरेटर, घराणं कित्येक पिढ्या इथलंच.

"अण्णा, तो माणूस गाव सोडून चाललेला नाही. जिवाचं बरंवाईट करायला निघालाय. ११२ लावा."

तरी माझ्या तोंडातून निघालं, "आधी सगळ्यांचं मत घेऊ या का?"

"मत नंतर घ्या. आधी फोन."

११२वरच्या बाईंनी पत्ता विचारला. पत्ता पोस्टमध्ये, आणि पोस्ट तर मी उडवलेली. नशीब, अक्कांनी पोस्टचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. त्यांना मिक्सर हवा होता. नव्या मॉडरेटरांना मी आता पहिल्यांदा हेच सांगतो, की अशी पोस्ट आधी जपून ठेवा, फोन करा, आणि अक्कल मागाहून पाजळा.

पोलीस पोचेपर्यंत त्या गृहस्थांशी बोलत राहा, असं बाईंनी बजावलं होतं. मला काही सुचेना. 'जेवलात का?' लिहिलं. 'नाही,' एवढंच आलं. मग 'काय आवडतं?' विचारलं. मी देव पाण्यात घालून बसलो.

शेवटी मेसेज आला. 'दारात पोलीस आलेत. तुम्ही पाठवलेत?'

'हो.'

'बरं झालं, तुम्ही भेटलात,' त्यांनी लिहिलं. 'मघाशी मशीनच उत्तरं देत होतं.'

ते मशीन मीच, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.