गोळी चाखणाऱ्या गयाआत्या

गयाआत्या कुठलीही गोळी भाचीला देण्याआधी स्वतः चाखायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्यासमोर बाटली उघडली, गोळी जिभेला लावली, पदराला पुसली आणि मंगलच्या तळहातावर ठेवली. मी चिडलेच. "अहो, औषध आहे ते. हे काय करताय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "मेंढराला पाजायचं औषद बी मी आदी चाखते, म्याडम. कडू असलं की काम करतं. ही तर निस्ती फिकी हाय."

हिंगोलीला एचआयव्हीची औषधं घ्यायला येणाऱ्यांना समजावून सांगायचं, हे माझं काम. आत्या सेनगावकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. भाऊ-भावजय याच आजारानं गेले आणि जन्मापासूनच तो घेऊन आलेली मंगल त्यांच्या ओटीत पडली. स्वतःचं मूल नव्हतं. जीपमध्ये कुणी विचारलं तर त्या बिनदिक्कत सांगायच्या, "माजंच लेकरू हाय." मंगल त्यांना आत्या म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले.

पुढे तपासणीत मंगलच्या रक्तात हिपॅटायटीस बी पण निघाला. मी आत्यांना समोर बसवून सांगितलं, हा लिवरचा आजार, बहुतेक आईकडूनच आलाय. दोन्ही आजार या एकाच गोळीनं दाबून धरलेत. गोळी सुटली की लिवरचा उसळेल. त्या म्हणाल्या, "म्हंजे लांडगे दोन अन् राखणदार एकच. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले.

मेंढरं कोंडून झाली की गोळी, असा त्यांचा नेम होता. मंगल अंगानं भरली, शाळेत पळायला लागली, आत्यांची थट्टा करायला लागली. "म्याडम, माज्यावाली गोळी हीच चाटून संपवून राहिली," असं ती एकदा म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो. हे हसणं मला आता आठवायला नको वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरीचं पाणी बिघडलं आणि पोरांना कावीळ झाली. औंढ्याकडचा एक माणूस काविळीवर झाडाचं मूळ उगाळून देतो. सगळ्या पोरांनी ते घेतलं आणि सगळी बरी झाली. दूषित पाण्याची ती कावीळ, धडधाकट पोरांची बहुतेक वेळा आपोआपच उतरते. मंगलचेही डोळे पिवळे झाले होते. मूळवाल्यानं पथ्य सांगितलं: तेल बंद, मीठ बंद, डॉक्टरी गोळी बंद. आत्यांनी ते काटेकोर पाळलं. त्या सगळंच काटेकोर पाळायच्या.

मंगलला माझ्याकडे आणलं तेव्हा तिचं पोट फुगलं होतं, अंग हळद फासल्यासारखं दिसत होतं आणि ती आत्यांनाही ओळखत नव्हती. मोठ्या दवाखान्यात हलवलं. लिवर संपलं होतं. मंगल गेली.

मला त्या मूळवाल्याचा संताप येतो, विहिरीचा येतो. आत्यांचाही यावा म्हणून मी स्वतःशी पुष्कळ भांडले, पण येत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर आत्या उरलेल्या गोळ्यांची बाटली घेऊन आल्या. "दुसऱ्या लेकराला व्हतील," म्हणाल्या. मला राहवलं नाही. "आत्या, मला एकदा विचारायचं तरी."

"सारी पोरं बरी व्हऊन राहिली व्हती," त्या म्हणाल्या. "अन् ते मूळ मी आदी चाखलं, म्याडम. एवढं कडू, एवढं कडू, सांजवर तोंडाला चव न्हवती. मला वाटलं, ह्येच लागू पडंल."

मग त्यांनी बाटली उघडली, एक गोळी काढली आणि सवयीनं जिभेवर ठेवली. मग ती परत हातात घेऊन तिच्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, "म्याडम, हिला कडू काहून न्हाई केलं वो?"