माळवदाच्या घरी दिलेली लेक

तेरणेकाठची उतारवस्ती सरकारदरबारी गाव नव्हतीच. तिला ना ग्रामपंचायत, ना नावाची पाटी. अलीकडचं गाव म्हणे ती पलीकडच्यांची, पलीकडचं म्हणे अलीकडच्यांची. घरं सगळी कुडाची, काटक्या-मातीची हलकी. पावसाळ्यात गुऱ्हाळाच्या काहिलीत, गूळ शिजवायच्या मोठ्या कढईत, बसवून माणसं नदीपार न्यायचं काम दगडोबाकडे होतं. वस्तीचं सगळं त्याला गोड, पण कुडाच्या घरांची भारी लाज. म्हणून त्यानं पोरगी, सिंधु, पलीकडच्या गावात जाड दगडी भिंतींच्या घरात दिली. वर मातीचं भक्कम माळवद! मग काय, गडी वर्षभर मिशीला पीळ देत हिंडला.

भूकंपाच्या साली सिंधु गौरीला माहेरी आली. गौरी उठल्या तरी तिचा पाय निघेना.

"आप्पा, त्या माळवदाखाली जीव गुदमरतो. अजून थोडं दिस ऱ्हाते."

"लोकं नावं ठेवत्यात!" दगडोबा खेकसला. "असलं घर वस्तीत कुणाला मिळालंय? नांद की!" आणि स्वतःच तिला काहिलीत बसवून पार सोडून आला.

गणपती बुडाले त्याच रात्री ते माळवद खाली आलं. सिंधु गेली. उतारवस्तीत कुणाला साधं खरचटलंही नाही.

दहाव्याला बायकांनी विचारलं, पोरगी एवढी घाईनं गेली कशी? दगडोबाच्या तोंडून निघून गेलं, "जावयानं बोलावणं धाडलं." जावई शेषेराव तेव्हा पाय चिरडून दवाखान्यात पडला होता. वस्तीनं त्याचं नाव टाकलं. सिंधुचा भाऊ वैजनाथ तर एकदा भर बाजारात त्याच्या तोंडावर थुंकला. दगडोबा शेजारीच उभा होता. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता त्याचे केस पिकले, पण जीभ काही उचलली नाही. असली लाज माणसाला धड जगूही देत नाही.

पुढे लातूरला क्लासचं पेव फुटलं. वैजनाथनं आपली लेक साक्षी डॉक्टरकीच्या तयारीला तिथं ठेवली. दिवाळीला आलेली पोरगी परत जाईना.

"बाबा, त्या खोलीत गुदमरायलंय मला. न्हाई जायचं."

"लोकं काय म्हणतील? बॅग भर आधी!" वैजनाथ ओरडला.

आता गप्प बसलो तर ही दुसरी लेकही जाईल, एवढंच दगडोबाला कळलं.

"तिला धाडू नको," तो म्हणाला. "सिंधुबी ऱ्हाते म्हणली होती. मीच धाडली. शेषेरावानं बोलावलं नव्हतं."

वैजनाथ बापाकडे वळला. "मी त्या माणसावर थुंकलो, आप्पा."

साक्षी घरीच राहिली. सकाळी वैजनाथनं बापाला मोटारसायकलवर बसवलं आणि पुनर्वसनाच्या नव्या गावात नेलं. शेषेराव लंगडत दारात आला. दगडोबानं त्याचे पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय, मामा," शेषेराव म्हणाला. "ऱ्हा हवं तितकं, म्हणून मीच तिला सांगितलं होतं."

"मग बोलला का न्हाई कुणाला?"

"तुमची लेक गेली होती. आणखी तुमचं काय काढून घ्यायचं?"

आणि त्यानं आत चहा टाकायला सांगितलं. दगडोबाला वाटलं, यानं चार लोकांत आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. चहा आला, पण त्याला मान वर करून कप घेववेना.